कोर्टाची पायरी

‘शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये’ ही म्हण आपल्या घरांतून इतक्या सहजतेनें उच्चारली जाते कीं, तिच्या पोटांत एक नीतिविचार दडलेला आहे आणि तो तपासून पाहण्याजोगा आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. वडील माणसांनीं ती सांगावी, धाकट्यांनीं मान डोलवावी आणि विषय तेथेंच मिटावा, असा परिपाठ आहे. म्हणीमागील अनुभव खोटा आहे असें कोण म्हणेल? फी आणि तारखा यांच्यापायीं विकलीं गेलेलीं शेतें, आजोबांनीं लावलेला आणि नातवाच्या हयातींत निकालीं निघालेला दावा, बांधाच्या वीतभर जमिनीसाठीं कायमचे तुटलेले भाऊ, अशीं उदाहरणें प्रत्येक गांवांत सांपडतील. तथापि म्हणीचा दोष असा कीं, ती एकाच बाजूचा अनुभव सांगते आणि तो सर्वांचा आहे असा भास उत्पन्न करते.

तंट्याला नेहमीं दोन पक्ष असतात. त्यांपैकीं एक जण शहाणपणानें पायरीखालीं थांबला, तर दुसऱ्याचें काय होतें? त्याचें काम पायरी न चढतांच होतें. ज्यानें भावजयीचा हिस्सा दाबला, ज्यानें गड्याची तीन महिन्यांची मजुरी ठेवून घेतली, ज्यानें घर सोडून जाणाऱ्या भाडेकरूची अनामत रक्कम गिळली, तो कायद्याच्या बळावर विसंबलेला नसतो. तो विसंबलेला असतो समोरच्याच्या शहाणपणावर. ही म्हण त्यालाहि पाठ असते, आणि आपल्यापेक्षां त्याला तिचा अर्थ अधिक चांगला समजलेला असतो.

शिवाय हें शहाणपण प्रत्येकाच्या बाबतींत ऐच्छिक तरी असतें काय? ज्याच्या गांठीं वकिलाची फी देण्याइतका पैसा आहे आणि तरीहि जो भांडण सोडून देतो, त्याच्या वर्तनाला संयम म्हणतां येईल. परंतु ज्याला पायरी चढण्याची ऐपतच नाहीं, त्याच्या न चढण्याला शहाणपण म्हणणें हें उपाशी माणसाच्या पदरीं एकादशीचें पुण्य बांधण्यासारखें आहे. अशा माणसाला वकील मिळवून देणें ही समाजाची दया आहे, कीं समाजाचें देणें आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. दया असेल, तर ती केल्यास पुण्य, न केल्यास फार तर कृपणपणा. देणें असेल, तर तें बुडविणें हा अन्याय होय. हा भेद केवळ शब्दांचा नाहीं. पुढील पुष्कळ गोष्टी त्यावर अवलंबून आहेत.

एक नित्याचें उदाहरण घेऊं. तालुक्याच्या गांवापासून दहा कोसांवर एका शेतकऱ्याचें अकालीं निधन झालें. त्याच्या स्वतःच्या नांवावर चार एकर जमीन होती. मागें राहिली बायको आणि दोन लहान मुली. वारसाची नोंद करण्याचें काम दिरानें पुढाकार घेऊन केलें, आणि फेरफार मंजूर होऊन नवा सातबारा हातीं आला तेव्हां त्यावर त्या बाईचें आणि मुलींचें नांव नव्हतें. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें विधवा, मुलें आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. ते असतांना भावाला त्या जमिनींत कांहीं मिळत नाहीं. म्हणजे कायदा पूर्णपणें तिच्या बाजूचा आहे. परंतु फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्याकडे अपील करतां येतें, त्याला मुदत असते, आणि जमिनीच्या मालकीचा खरा निवाडा शेवटीं दिवाणी न्यायालयांतच व्हावयाचा असतो, यांपैकीं एकहि गोष्ट तिला ठाऊक नाहीं. ती तालुक्याला जाते. वकील सांगतात तो आंकडा ऐकते. आणि संध्याकाळच्या एस. टी. नें घरीं परत येते. शेजारीपाजारी तिची समजूत घालतात ती त्याच म्हणीनें.

आतां या कथेंतील विलक्षण भाग पुढेंच आहे. १९८७ सालीं संसदेनें विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा केला व तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलांत आला. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणें कोणतीहि स्त्री, तिचें उत्पन्न कितीहि असो, सरकारी खर्चानें वकील मागण्यास पात्र आहे. अनुसूचित जातिजमातींच्या व्यक्ति, बालकें, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडींतील बंदी आणि ठराविक मर्यादेहून कमी उत्पन्न असणारे लोक हेहि तसेच पात्र आहेत. तालुक्याच्या ठिकाणीं विधी सेवा समिति असते आणि तिचा अध्यक्ष तेथील ज्येष्ठ न्यायाधीश असतो. म्हणजे ज्या आवारांतून ती बाई निराश होऊन परतली, त्याच आवारांत तिच्या हक्काची मदत होती. तिला तसें सांगणारें मात्र कोणी भेटलें नाहीं. कायद्याचें अज्ञान ही सबब न्यायालय ऐकत नाहीं, असा नियम आहे. कायद्याची ओळख करून देण्याची जबाबदारी मात्र कोणावर आहे, हें आपण कधीं निश्चयानें ठरविलेलें नाहीं.

मूळ प्रश्नाकडे वळण्यापूर्वीं वकील ही वस्तु मनुष्याला लागतेच कशासाठीं, हें पाहिलें पाहिजे. आपल्याकडे मराठी अमदानींत तंटे गोतसभेंत व पंचायतींत तुटत. वादी-प्रतिवादी पंचांपुढें उभे राहून आपली हकीकत आपल्या तोंडानें आणि आपल्या भाषेंत सांगत. साक्षीदार गांवचेच असत. निवाड्याचा महजर होई. जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी वसूल केली जाई. मध्यें वकील नसे. या व्यवस्थेचें गुणगान करण्याचा माझा हेतु नाहीं. पंच गांवांतील वजनदार लोकच असत, आणि ज्या जाती गावकुसाबाहेर होत्या त्यांना किंवा स्त्रियांना त्या सभेंत कितपत तोंड होतें, हें कोणी सांगावयास नको. परंतु एक गोष्ट खरी कीं, बोलण्याचा अधिकार ज्याला होता, त्याला बोलण्याची कलाहि अवगत होती. ती त्याला विकत घ्यावी लागत नसे.

इंग्रजी अमदानींत न्यायाचें स्वरूप पालटलें. लेखी कैफियत आली, कोर्ट फीचा स्टँप आला, पुराव्याचे नियम आले, मुदतीचा कायदा आला. दुसऱ्यानें आपली जमीन मालकी सांगून उघडपणें बळकावली आणि आपण बारा वर्षें स्वस्थ बसलों, तर ती परत मागण्याचा आपला हक्कच संपुष्टांत येतो. उसने दिलेले पैसे तीन वर्षांच्या आंत मागितले नाहींत, तर दावा चालत नाहीं. या नियमांना सबळ कारणें आहेत. त्यांच्यामुळें न्यायाला निश्चितता आली, आणि न्यायाधीशाच्या लहरीला आळा बसला. परंतु त्यांची किंमत अशी पडली कीं, सामान्य मनुष्याला आपल्याच गाऱ्हाण्याचा उच्चार आपल्या तोंडानें करतां येईनासा झाला. उच्च न्यायालयाची भाषा तर आजहि इंग्रजी आहे. आपलीच जमीन, आपलेंच घर, आपलेंच मूल यांच्याविषयीं दोन परके गृहस्थ अनोळखी भाषेंत काय बोलत आहेत, हें मागच्या बांकावर बसून नुसतें पाहणें हेंच पक्षकाराचें काम उरलें.

येथें वकील आणि वैद्य यांची तुलना मनांत येणें साहजिक आहे. गरिबाला औषध मिळावें, तसा वकीलहि मिळावा, असें पुष्कळ सज्जन म्हणतात, आणि त्यांचा हेतु चांगलाच असतो. परंतु माझ्या मतें या तुलनेनें प्रश्नाचा गाभा झांकला जातो. रोग निसर्गानें दिलेला असतो. सरकारनें तो निर्माण केलेला नसतो. रोग्याला मदत करावी असें आपल्याला वाटतें तें मुख्यतः करुणेमुळें, आणि सरकारवर त्याची जबाबदारी टाकण्यासाठीं वेगळा युक्तिवाद करावा लागतो. वकिलाची गरज मात्र निसर्गानें दिलेली नाहीं. ती कायद्यानें, म्हणजे राज्यसंस्थेनें, म्हणजे पर्यायानें आपण सर्वांनीं निर्माण केलेली आहे.

याहूनहि महत्त्वाची एक गोष्ट आहे. राज्यसंस्थेनें प्रत्येक मनुष्यापासून एक फार जुनें हत्यार काढून घेतलें आहे. माझी वस्तु कोणी नेली, तर ती मनगटाच्या जोरावर परत आणण्याची मला मनाई आहे. त्या विधवेच्या भावांनीं काठ्या घेऊन दिराला शेतांतून हांकलून लावलें, तर पोलीस भावांनाच धरून नेतील, आणि तें योग्यच होईल. सुसंस्कृत समाजाचा पायाच या मनाईवर उभारलेला आहे. परंतु ही मनाई म्हणजे एक सौदा आहे. ‘तूं हात उगारूं नकोस, त्याबद्दल तुझें गाऱ्हाणें मी ऐकेन’ असें राज्यानें मनुष्याला वचन दिलेलें आहे. आतां ज्यानें हात बांधून घेतले, त्याला जर गाऱ्हाणें सांगण्याची वाचाहि मिळाली नाहीं, तर सौद्यांतील अर्धा भाग वसूल झाला आणि अर्धा बुडविला गेला, असेंच म्हणावें लागेल. श्रीमंताच्या बाबतींत सौदा पुरा होतो. गरिबाकडून मनाई तेवढी पाळून घेतली जाते. करुणेवर ज्याचा मुळींच विश्वास नाहीं अशा कठोर हिशेबी माणसालाहि हा युक्तिवाद मान्य करावा लागेल, कारण त्यांत दयेचा अंश नाहीं. घेतलेल्या वस्तूचा मोबदला द्यावा, एवढीच मागणी आहे.

हें तत्त्व मानवजातीला एकदम उमगलें नाहीं. इंग्लंडांत सातव्या हेन्रीच्या कारकीर्दींत, १४९५ सालीं, गरीब वादींना फी न घेतां हुकूमनामे द्यावे व वकील नेमून द्यावा, असा कायदा झाला होता. परंतु त्यामागील भावना राजाच्या औदार्याची होती. तीच भावना आपल्या १९०८ च्या दिवाणी व्यवहार संहितेंतहि उतरली. तिच्या तेहतिसाव्या आदेशान्वयें नादार मनुष्याला कोर्ट फी न भरतां दावा लावतां येई. मात्र आपण नादार आहों हें त्याला आधीं सिद्ध करावें लागे. आणि फी भरण्याची ऐपत नसणें, अथवा जेथें फी ठरलेली नसेल तेथें अंगावरचे आवश्यक कपडे आणि दाव्याची वस्तु वगळून शंभर रुपयांचीहि मालमत्ता नसणें, अशी नादारीची व्याख्या होती. न्याय मागण्यापूर्वीं भर कोर्टांत आपल्या दारिद्र्याची झडती द्यावयाची, आणि इतकें करून सवलत मिळावयाची ती फीपुरती. वकील ज्याचा त्यानें पाहावयाचा. १९७६ च्या दुरुस्तीनें हा शब्द बदलला, मर्यादा हजार रुपयांची झाली, आणि ज्याला वकील नाहीं अशा निर्धनाला तो नेमून देण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. दया म्हणून दिलेली वस्तु घेणाऱ्याला आधीं वांकावयास लावते, हें या इतिहासावरून दिसून येईल.

दयेच्या कल्पनेंतून हक्काच्या कल्पनेकडे जग कसें वळलें, याचें एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील आहे. १९६१ सालीं फ्लॉरिडा संस्थानांतील पनामा सिटी या गांवीं क्लॅरेन्स गिडियन नांवाच्या एका निर्धन मनुष्यावर बिलियर्डच्या अड्ड्यांत घरफोडी केल्याचा आरोप आला. त्यानें न्यायाधीशापाशीं वकील मागितला. पण ज्या गुन्ह्याला देहांत शिक्षा आहे त्यांतच सरकारी खर्चानें वकील देतां येतो, असें त्याला सांगण्यांत आलें. त्यानें आपला बचाव आपणच केला आणि पांच वर्षांची शिक्षा ओढवून घेतली. तुरुंगांतून त्यानें शिसपेन्सिलीनें लिहिलेला अर्ज तेथील सर्वोच्च न्यायालयानें दाखल करून घेतला आणि १९६३ सालीं असा निर्णय दिला कीं, अशा आरोपीला वकील न देतां चालविलेला खटला न्याय्य नव्हे. पुढें त्याच वर्षीं खटला पुन्हा चालला. आरोप तोच, कायदा तोच, गांवहि तेंच. या वेळीं गिडियनच्या शेजारीं वकील उभा होता, आणि ज्यूरीनें त्याला निर्दोष ठरविलें. वकील नसेल तेथें सत्य आणि शिक्षा यांची फारकत किती सहज होते, याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणें कठीण.

आपल्या देशांतहि विचार याच दिशेनें गेला. १९४९ सालीं मुंबई सरकारनें न्या. एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखालीं कायदेविषयक साहाय्याचा विचार करण्यासाठीं समिति नेमली होती. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें ३९ अ हें कलम घटनेंत आलें आणि दारिद्र्यामुळें कोणाहि नागरिकाला न्यायाची संधि नाकारली जाऊं नये, असें राज्याचें धोरण ठरलें. १९७९ सालीं हुसैनारा खातून प्रकरणांत बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांची स्थिति सर्वोच्च न्यायालयापुढें आली. आरोप सिद्ध झाला असता तर जितकी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ खटल्याविना तुरुंगांत काढलेले लोक त्यांत होते. त्या वेळीं मोफत वकील हा न्याय्य कार्यपद्धतीचा अविभाज्य भाग आहे असा निर्णय देणारे न्या. पी. एन. भगवती हे वर उल्लेखिलेल्या भगवतींचेच चिरंजीव होत. १९८१ सालीं खत्री प्रकरणांत, तिजोरींत पैसा नाहीं ही सबब राज्याला सांगतां येणार नाहीं, असें ठरलें. आणि १९८६ सालीं सुक दास प्रकरणांत, आरोपीनें मागितला नाहीं म्हणून वकील दिला नाहीं, हें उत्तरहि अमान्य झालें. ज्याला हक्क ठाऊकच नाहीं तो मागणार कसा, हा न्यायालयाचा प्रश्न बिनतोड होता.

या मालिकेंतील १९७८ चा हॉस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निर्णय माझ्या पेशाच्या माणसाला विशेष विचार करावयास लावणारा आहे. त्यांतील अर्जदार विद्यापीठांतील अध्यापक होता, आणि बनावट पदव्यांच्या प्रयत्नाबद्दल त्याला शिक्षा झालेली होती. उच्च न्यायालयानें तीन वर्षांची सक्तमजुरी सुनावल्यावर निकालपत्राची प्रत तुरुंगांत त्याच्या हातीं पडली कीं नाहीं, हा वाद उपस्थित झाला. सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अर्ज फेटाळला. पण तो फेटाळतांनाच न्या. कृष्ण अय्यर यांनीं स्पष्ट केलें कीं, बंद्याला निकालाची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे, अपिलासाठीं वकील हवा असेल तर तो मिळाला पाहिजे, आणि हें राज्याचें कर्तव्य आहे, धर्मादाय नव्हे. ज्याच्याविषयीं कोणाच्याहि मनांत करुणा उपजण्याचें कारण नव्हतें, अशा मनुष्याच्या प्रकरणांत हा हक्क घोषित झाला, हें मला फार अर्थपूर्ण वाटतें. दया पात्रापात्र पाहते. देणें तसें पाहत नाहीं. सावकार दुर्वर्तनी आहे म्हणून त्याचें कर्ज माफ होत नसतें.

आपल्याच इतिहासांतील एका दाव्याकडे या दृष्टीनें पाहिल्यास वकिलाचें मोल अधिक स्पष्ट होईल. महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्यांनीं १९२७ च्या मार्चमध्यें पाणी घेतलें. तें तळें नगरपालिकेनें सर्वांना खुलें केल्याचा ठराव आधींच झालेला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कांहीं सवर्णांनीं दिवाणी न्यायालयांत दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला, आणि योजलेला दुसरा सत्याग्रह थांबवावा लागला. हा दावा कनिष्ठ न्यायालयांतून वर चढत चढत १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयांत अस्पृश्यांच्या बाजूनें कायम झाला. जवळजवळ दहा वर्षें! या दाव्यांत प्रतिवादी म्हणून स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, आणि ते बॅरिस्टर होते, हा त्या समाजाच्या भाग्याचा भाग. क्षणभर कल्पना करावी कीं, त्या समाजांत कायदा जाणणारा एकहि मनुष्य त्या वेळीं नव्हता. रोजच्या भाकरीची भ्रांत असलेल्या लोकांनीं दहा वर्षें दावा कशाच्या बळावर चालविला असता? सत्य त्यांच्या बाजूचें होतें, ठराव त्यांच्या बाजूचा होता. आणि तरीहि मनाईहुकूम केवळ प्रतिकाराच्या अभावीं चिरंजीव झाला असता. परंतु प्रत्येक पीडिताच्या घरीं बॅरिस्टर जन्मास येत नाहीं, आणि ज्या न्यायाची प्राप्ति अशा योगायोगावर अवलंबून आहे, त्याला व्यवस्था हें नांव देतां येणार नाहीं.

या विचारावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांतील तीन विचारार्ह आहेत. पहिला असा कीं, वकील फुकट मिळूं लागला तर भांडणांना ऊत येईल. परंतु दाव्यांत सकृद्दर्शनीं तथ्य आहे कीं नाहीं हें पाहूनच साहाय्य देण्याची तरतूद कायद्यांत आहे. शिवाय निरर्थक दावे लावणारे लोक बहुधा पैसेवालेच असतात. हेलपाट्यापायीं ज्याची दिवसाची मजुरी बुडते तो हौसेनें कोर्टांत जात नाहीं. आणि न्याय्य तक्रारी कोर्टांत आल्यानें दाव्यांची संख्या वाढली, तर त्याला ऊत म्हणूं नये. दवाखाना उघडल्यावर रोग्यांची रांग लागली, म्हणून दवाखान्यानें रोग पसरविला असें आपण म्हणत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, वकिलांपेक्षां तडजोड बरी. लोकअदालती आहेत, तेथें खर्च नाहीं आणि वेळहि लागत नाहीं. लोकअदालतीचा उपयोग मी नाकारीत नाहीं. दोन तुल्यबळ पक्ष समजुतीनें घेत असतील, तर त्यासारखें दुसरें चांगलें नाहीं. पण तडजोड म्हणजे मागणीचा कांहीं भाग सोडणें, आणि आपला हक्क किती आहे हेंच ज्याला ठाऊक नाहीं, त्याला आपण किती सोडीत आहों हें कसें कळणार? त्या विधवेला चार एकरांपैकीं अर्धा एकर देऊन दीर मोकळा झाला, आणि तिनें कृतज्ञतेनें अंगठा उठविला, तर तंटा मिटला असें दप्तरांत नोंदलें जाईल. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाहीं, हेंहि विसरतां कामा नये. म्हणून तडजोडीच्या आधीं सल्ला हवा. पाठीशीं जाणता मनुष्य असेल तरच समजूत ही समजूत राहते, नाहीं तर ती शरणागति होते.

तिसरा आक्षेप वकीलवर्गाच्या सौजन्याचा आहे. गरिबांचीं कामें फुकट करणारे वकील सर्वत्र आहेत. त्यांच्यावर भिस्त ठेवावी, सरकारला मध्यें कशाला आणावें? असे वकील आहेत, हें खरें आणि आनंदाचें आहे. वकिलांच्या परिषदेच्या नियमांतहि निर्धनांना व पीडितांना शक्तीनुसार विनामूल्य साहाय्य करणें हें वकिलाच्या श्रेष्ठ कर्तव्यांपैकीं एक मानलें आहे. परंतु सौजन्याला एक मर्यादा असते: त्याची वाट पाहावी लागते, त्याविरुद्ध तक्रार करतां येत नाहीं. फुकट मिळालेला वकील तारखेला आला नाहीं, अथवा त्यानें कागद न वाचतांच युक्तिवाद केला, तर पक्षकार कोणत्या तोंडानें बोलणार? दिल्या दानाला नांवें ठेवूं नयेत, असें त्याचें संस्कारी मनच त्याला बजावतें. देणें म्हटलें कीं, नाणें खणखणीत आहे कीं नाहीं हें वाजवून पाहण्याचा अधिकार येतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानें २०२२ पासून फौजदारी कामांसाठीं जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्ण वेळ बचाव-वकील नेमण्याची जी योजना आंखली, तिचें महत्त्व मला याच कारणासाठीं वाटतें. ज्याचें तेंच काम आहे त्याला जाब विचारतां येतो.

दया आणि देणें यांतील भेद संकटकाळीं विशेष दिसतो. इंग्लंडनें १९४९ सालीं सरकारी खर्चानें कायदेविषयक साहाय्य देण्याचा जो कायदा केला, त्याचा आदर्श म्हणून उल्लेख होत असे. पण काटकसरीचे दिवस येतांच २०१२ च्या कायद्यानें घरगुती तंटे, कर्ज, नोकरी इत्यादि दिवाणी बाबींचा मोठा भाग त्यांतून वगळला गेला. जी गोष्ट औदार्याच्या खात्यावर मांडली जाते, तिच्यावर कात्री प्रथम चालते. आपल्याकडे काय स्थिति आहे? २०२२ च्या अखेरीस भारतांतील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकीं ४,३४,३०२, म्हणजे दर चारांपैकीं तीन, अद्याप दोषी ठरलेलेच नव्हते. ते सर्व वकिलावांचून तेथें राहिले असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. खटल्यांची दिरंगाई, जामीनदारांचा अभाव, अशीं इतर कारणें आहेतच. परंतु जामिनाचा अर्ज वेळेवर आणि नीट मांडला जाणें याचा अर्थ काय असतो, हें ज्याच्या घरचा मनुष्य कोठडींत गेला आहे त्यालाच विचारावें.

आमच्या मध्यमवर्गीय वाचकाला कदाचित् वाटेल कीं, हा सारा प्रपंच गरिबांसाठीं आहे. आपला त्याशीं संबंध दात्याचाच. तसें नाहीं. उत्पन्नाची जी मर्यादा ठरलेली आहे तिच्या थोडेंसेंच वर असलेलें एखादें पुरुष कर्त्याचें कुटुंब घ्यावें. बांधकाम-व्यावसायिकानें घराचा ताबा दिला नाहीं किंवा संस्थेनें निवृत्तीचे पैसे अडविले, तर त्या गृहस्थाला मोफत वकील मिळत नाहीं, आणि उच्च न्यायालयापर्यंत भांडण नेण्याची त्याची ऐपत नसते. कायद्याच्या दृष्टीनें तो गरीब नाहीं आणि वकिलाच्या दृष्टीनें श्रीमंत नाहीं. ‘शहाण्यानें पायरी चढूं नये’ ही म्हण खरें पाहतां याच वर्गानें जपलेली आहे. ती त्याच्या असहायतेनें घेतलेलें सभ्य नांव आहे. म्हणून ऐपतीप्रमाणें ठरलेली माफक फी, पहिला सल्ला सर्वांनाच विनामूल्य, अर्जांचे नमुने सोप्या मराठींत, आणि तालुक्याच्या समितीचा फलक कोर्टाच्या दाराशीं मोठ्या अक्षरांत, या मागण्या दुसऱ्यासाठीं करावयाच्या नसून आपल्यासाठींहि करावयाच्या आहेत.

असो. राज्यानें काय करावें हें सांगून आपली सुटका करून घेणें सोपें आहे. परंतु देणें समाजाचें असेल, तर त्यांतला कांहीं वांटा सुशिक्षित कुटुंबाकडे येतो, आणि तो पैशाचा असलाच पाहिजे असें नाहीं. घरीं भांडीं घासावयास येणारी बाई नवऱ्याच्या मारझोडीची किंवा सासरच्या जमिनीची हकीकत सांगते, तेव्हां आपण हळहळतों, चहा देतों, आणि म्हण ऐकवितों. त्याऐवजीं तिला एवढेंच सांगितलें कीं, स्त्री म्हणून सरकारी खर्चानें वकील मागण्याचा तुला हक्क आहे, समितीची कचेरी अमुक ठिकाणीं आहे, आणि पहिल्या दिवशीं मी तुझ्याबरोबर येतों, तर देण्याचा आपला वांटा बराचसा फिटेल. ज्याला अक्षर येतें त्यानें ज्याला येत नाहीं त्याचें पत्र वाचून दाखवावें, ही रीत आपल्या वाड्यांतून आणि चाळींतून पूर्वींपासून होती. हेंहि एक पत्रच आहे. लोकांच्या नांवानें संसदेनें धाडलेलें आणि पत्ता न सांपडल्यामुळें वाटेंत पडून राहिलेलें.

शेवटीं या सर्व व्यवस्थेची कसोटी एकच राहील. त्या विधवेला जो वकील फुकट मिळाला, तो माझ्या मुलीच्या दाव्यांत मला चालला असता काय? या प्रश्नाला आपण मनापासून होय म्हणूं शकूं, त्या दिवशीं देणें फिटूं लागलें असें समजावें. तोंपर्यंत निदान त्या बाईला शहाणपणाची म्हण सांगण्याचा अधिकार आपल्याला नाहीं.